जर्मनीसाठी प्रोफाइल: रविवार गटाच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार. निगडी

गट ठरला. चौघं जण. चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कारखान्यातला क्वालिटी इंजिनिअर, मिरजेत शिकून आता पुण्यात आयसीयूत काम करणारी परिचारिका, साताऱ्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला असलेला आयटीआय इलेक्ट्रिशियन आणि हिंजवडीतला जावावाला (जावा भाषेत सॉफ्टवेअर लिहिणारा). सगळ्यांना जर्मनीत नोकरी हवीय, पहिल्या तिघांना शक्यतो बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून "ताई, स्टुटगार्टला काय चाललंय?" हे विचारणारे वाढलेत (स्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी). मी तिथे भरती विभागात काम करून परत आलेय, म्हणून मला विचारतात. करार सरकारांमधला आहे. नोकरी मात्र तिथला कुणीतरी कंपनीवाला देणार, आणि मुलाखतीला बोलावण्याआधी तो तुमचं नाव लिंक्डइनवर टाकून बघणार. त्याला तिथे काय दिसतं, एवढीच आपल्या प्रकल्पाची व्याप्ती.

कसोटी एकच ठेवली: प्रोफाइलवरच्या प्रत्येक ओळीमागे कागद किंवा माणूस उभा करता आला पाहिजे. नसेल तर ओळ खोडायची. जावावाला म्हणाला, "ताई, मग माझी अर्धी प्रोफाइल जाईल." जाऊ दे.

सध्या पुण्यात 'पर्सनल ब्रँडिंग'चे वर्ग जोरात आहेत. रोज एक पोस्ट टाका, पहाटे उठण्याचे फायदे लिहा, मॅनेजरकडून शिकलेले धडे लिहा. त्याच राज्यातल्या हाइलब्रॉनमध्ये बसून पन्नास अर्ज चाळणाऱ्या बाईला याचं काडीचं सोयरसुतक नसतं. तिला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: हा माणूस नेमकं काय करतो, ते खरं आहे का, आणि याला इथे आणता येईल का.

१९ जानेवारी

आजचा अख्खा दिवस नावांत गेला, पण तो घालवायलाच हवा होता.

क्वालिटीवाल्याच्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये त्याचं आणि वडिलांचं नाव, आडनाव वेगळ्या रकान्यात. डिग्रीवर आपल्या पद्धतीने आडनाव आधी. लिंक्डइनवर टोपणनाव आणि आडनावाचं फक्त आद्याक्षर. जर्मन माणूस वडिलांच्या नावाला याचंच दुसरं नाव समजतो. तेवढ्याने बिघडत नाही. बिघडतं ते तीन कागदांवर तीन माणसं दिसली की. निर्णय: प्रोफाइलवर पासपोर्टप्रमाणे पहिलं नाव आणि आडनाव. अर्जावर पासपोर्टवरचं पूर्ण नाव, त्याच क्रमाने, सगळीकडे.

परिचारिकेचं प्रकरण अवघड. डिग्री आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. तिला वाटत होतं की आता सगळे कागद बदलून आणावे लागणार. नाही. जर्मन बायोडेटात लग्नाआधीचं आडनाव 'गेबोरेनं' असं लिहून पुढे द्यायची जुनी रीत आहे. तिथल्या बायकांच्याही आयुष्यात हे होतंच. लिंक्डइनवर 'अॅडिशनल नेम'चा रकाना आहे, त्यात माहेरचं आडनाव टाकलं. सोबत विवाह नोंदणी दाखला, त्याचं शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतर. झालं. तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच विचारलं, "मग नवऱ्याचं नाव मधे लिहायचं का?" नाही. पासपोर्टवर असेल तरच.

कॉलेजच्या नावाचा घोळही आजच निस्तरला. क्वालिटीवाला २०१३ मध्ये पास झाला, डिग्रीवर छापलंय 'पुणे विद्यापीठ'. लिंक्डइन आपोआप सुचवतं 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ', कारण २०१४ मध्ये नाव बदललं. दोन्ही बरोबर आहेत, पण तिकडचा माणूस 'अनाबिन' या सरकारी यादीत विद्यापीठ तपासतो आणि समोर डिग्री ठेवतो. म्हणून शिक्षणाच्या रकान्यात आजचं नाव आणि खाली वर्णनात एक ओळ: पदवीवर जुनं नाव आहे, विद्यापीठ तेच.

२६ जानेवारी

झेंडावंदन उरकून बसलो. फोटो.

जावावाल्याचा फोटो चुलतभावाच्या हळदीतून कापलेला, खांद्यावर कुणाचा तरी हात अजून दिसतोय. इलेक्ट्रिशियनचा बुलेटवर बसलेला. परिचारिकेने फोटोच ठेवला नव्हता. घरच्यांना आवडत नाही म्हणाली. त्यावर मी जोर केला नाही. जर्मनीत २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे, कंपनीला फोटो मागता येत नाही. पण अर्जाला फोटो लावायची सवय तिथे अजून मुरलेली आहे, हेही तिला सांगितलं. (नंतरची भर) पुढच्या रविवारी ती स्वतःच फोटो घेऊन आली. साधी भिंत, साधा कुर्ता, छान आहे.

९ फेब्रुवारी

क्वालिटीवाल्याचं हेडलाइन. जुनं असं: 'पॅशनेट क्वालिटी प्रोफेशनल, चेंज मेकर, लाइफलाँग लर्नर'. २२० अक्षरांची जागा मिळते आणि त्यात कुणी शोधेल असा एकही शब्द नाही. भरतीवाले लोकांना 'पॅशनेट' टाकून शोधत नाहीत. ते शोधतात 'व्हीडीए ६.३', 'एट-डी' (तक्रार सोडवायची आठ पायऱ्यांची पद्धत), 'ड्रुकगुस' (डायकास्टिंग, म्हणजे साच्यात दाबाने केलेलं ओतकाम).

व्हीडीए ही जर्मन वाहनउद्योगाची संघटना. ६.३ ही त्यांची प्रक्रिया-ऑडिटची पद्धत. जर्मन गिऱ्हाईक चाकणच्या पुरवठादाराकडे येतं तेव्हा हीच प्रश्नावली घेऊन येतं. आमचा गडी अशा ऑडिटला समोर बसलाय, त्रुटी बंद करून दिल्यात, आणि प्रोफाइलवर त्याचा मागमूस नाही! का, तर "ते रोजचंच काम आहे ताई, त्यात काय सांगायचं". आपल्या लोकांचं हे नेहमीचं. जे रोज करतो ते लिहायची लाज आणि जे कधी केलं नाही ते लिहायची हौस.

दोन तास बसून त्याच्याकडून काढून घेतलं. अॅल्युमिनियम डायकास्टिंग, पंप हाउसिंग. सीएमएमवर (अचूक मोजणीच्या यंत्रावर) मोजमाप. पीपीएपीच्या (गिऱ्हाईकाकडून भाग मंजूर करून घ्यायच्या) फायली. तक्रार आली की एट-डी रिपोर्ट. ड्रॉइंगवरची टॉलरन्स चिन्हं कोणत्या पद्धतीची, असं विचारलं तर म्हणाला, "दोन्ही. अमेरिकन गिऱ्हाईकाचं एएसएमई वाय १४.५, जर्मन गिऱ्हाईकाचं आयएसओ." हे सोनं आहे. तिथे आयएसओ पद्धत चालते, आणि भारतातले बहुतेक जण प्रोफाइलवर नुसतं 'जीडी अँड टी' (या चिन्हांचं सर्वसाधारण नाव) लिहून मोकळे होतात. 'आयएसओ ११०१ प्रमाणे ड्रॉइंग वाचन' ही ओळ टाकली.

'अबाउट'च्या रकान्यात २६०० अक्षरं मावतात, पण 'आणखी पाहा' दाबण्याआधी वरच्या दोन-तीन ओळीच दिसतात. त्या ओळींत: काय बनवतो, कोणत्या पद्धती येतात, जर्मन भाषा कुठवर आली, कधीपासून येऊ शकतो. नोटीस पिरियड तीन महिने आहे हे लिहायला तो घाबरत होता, कारण इथे ९० दिवस म्हटलं की भरतीवाले फोन ठेवतात. तिथे तीन महिन्यांची नोटीस हा नेहमीचा प्रकार आहे, उलट लपवलं तर शंका येते. लिहून टाकलं.

ठिकाण पुणेच ठेवायचं. शोधात वर यावं म्हणून बरेच जण स्टुटगार्ट टाकतात. मग बोलणं सुरू झालं की दुसऱ्याच वाक्याला कळतं की माणूस पिंपरीत आहे, आणि तिथून पुढे त्याच्या प्रत्येक ओळीवर प्रश्नचिन्ह. त्यापेक्षा 'ओपन टू वर्क'मध्ये हवी ती शहरं भरता येतात. हिरवी पट्टी लावायची नाही, 'फक्त भरतीवाल्यांना दिसेल' हा पर्याय घ्यायचा. तोही शंभर टक्के झाकत नाही, लिंक्डइन स्वतःच तसं सांगतं. कंपनीत कळलं तर चालणार आहे का, हे ज्याने त्याने ठरवावं.

१६ फेब्रुवारी

इलेक्ट्रिशियन. त्याच्याबाबतीत माझं मत गटाला पटायला वेळ लागला: त्याने लिंक्डइनवर फार वेळ घालवू नये.

तिथले छोटे वायरमन-कंत्राटदार लिंक्डइनवर माणसं शोधत बसत नाहीत. जाहिरात रोजगार खात्याच्या 'जॉबझूखं' पोर्टलवर असते, नाहीतर कंपनीच्या स्वतःच्या पानावर. झिंगचं नावही निघालं. २००३ मध्ये हॅम्बुर्गमध्ये 'ओपनबीसी' म्हणून सुरू झालेली, जर्मनभाषकांची ही व्यावसायिक साइट एकेकाळी तिकडे लिंक्डइनला भारी होती. २०२३ च्या सुरुवातीला त्यांनी गट बंद केले, आता मुख्यतः नोकऱ्यांसाठीच आहे. खातं काढून ठेवायचं, जर्मनमध्ये नीट भरायचं, पोस्टबिस्ट काही नाही. त्याच समूहाची 'कुनुनु' मात्र वाचायचीच. तिथे कर्मचारी आपल्या कंपनीविषयी लिहितात. ओव्हरटाइमचे पैसे वेळेवर मिळतात का, हे तिथे कळतं.

मग याची ओळख कशाने पटणार? कामाच्या फोटोंनी. कारखान्यातले पॅनेल दाखवायला परवानगी नाही. त्याच्या जुन्या निदेशकांनी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एक बोर्ड करू दिला: स्टार-डेल्टा स्टार्टर, ओव्हरलोड रिले, आपत्कालीन बंद बटण. पहिल्या फोटोत वायरी चालू होतील अशा होत्या, म्हणजे जोडणी बरोबर पण सगळी गुंतवळ. मी म्हटलं, जर्मन फोरमन आधी वायरीची टोकं बघतो. मग त्याने पुन्हा ओढलं. प्रत्येक टोकाला दाबलेलं फेरूल (धातूची टोपी), दोन्ही बाजूंना सारखा नंबर, डक्टमधून काटकोनात वळवलेल्या वायरी, न्यूट्रल निळी, अर्थिंग हिरवी-पिवळी. दार उघडं, दार बंद, आणि टर्मिनल पट्टीचा जवळून एक. तीन फोटो आणि हाताने काढलेला सर्किटचा कागद. सबंध वर्षभराच्या पोस्टींपेक्षा हे चार कागद जास्त बोलतात.

कागदोपत्री वाट: तो कारखान्यातली वीजयंत्रणा सांभाळतो, म्हणून त्याच्या पात्रतेची तुलना न्युर्नबर्गच्या 'आयएचके फोसा'कडे (परदेशी पात्रता तपासणाऱ्या उद्योग-चेंबरांच्या संस्थेकडे) जाते. घरगुती वायरिंगवाला असता तर हांडवेर्क्सकामरकडे (कारागिरांच्या चेंबरकडे) गेली असती. आणखी एक दार आहे: मायदेशात सरकारमान्य किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण, दोन वर्षांचा अनुभव आणि ठरावीक पगाराची ऑफर, तर आधी मान्यता न घेताही जाता येतं. २०२५ साठी ती पगाराची अट वर्षाला ४३,४७० युरो होती. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा, म्हणजे प्रशिक्षणाची अट बसते. पगाराची बसेलच असं नाही.

२ मार्च

परिचारिका आणि पदनामं.

तिने जर्मन प्रोफाइलवर स्वतःला 'फ्लेगेफाखफ्राउ' (तिथली परवानाधारक परिचारिका) लिहिलं होतं. काढायला लावलं. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या तिथल्या परिचर्या कायद्यात हे पदनाम संरक्षित आहे, परवाना मिळाल्यावरच लावता येतं. त्याऐवजी: 'भारतातील बी.एस्सी. नर्सिंग, अनेरकेनुंगची (पात्रतेच्या मान्यतेची) प्रक्रिया सुरू'. क्वालिटीवाल्यालाही तेच लागू. 'इंजेनिअर' हा किताबही तिथे कायद्याने राखलेला आहे, परदेशी पदवीवर तो लावायचा तर अभियंत्यांच्या चेंबरची परवानगी लागते. म्हणून त्याच्या जर्मन प्रोफाइलवर 'क्वालिटेट्सझिशरुंग' (गुणवत्तेची हमी), म्हणजे काम लिहिलं, किताब नाही. एवीतेवी शोधणारा हाच शब्द टाकतो.

आता मजकूर. तिने लिहिलेलं: व्हेंटिलेटर, आर्टेरिअल लाइन, सिरिंज पंप, कोड ब्लू. सगळं खरं. पण माझ्या अनुभवात भारतीय परिचारिका पहिल्या महिन्यात नाराज होतात त्या एकाच गोष्टीवरून. तिथे रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, उठवून बसवणं हे परिचारिकेचं काम आहे. आपल्याकडे वॉर्डात ते नातेवाईक नाहीतर मावशी करतात. तिला स्पष्ट विचारलं. ती म्हणाली, "ताई, आयसीयूत नातेवाईक आत नसतात. सगळं आम्हीच करतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ बघायची, तोंड स्वच्छ करायचं."

मग हेच का नाही लिहिलं? "ते काय लिहायचं."

तेच लिहायचं! सगळ्यात वर. पडून राहिलेल्या रुग्णाला जखमा होऊ नयेत म्हणून जे करतात त्याला तिथे 'डेकुबिटुस-प्रोफिलाक्से' म्हणतात, आणि कुठल्याही वॉर्डप्रमुख बाईच्या दृष्टीने ही एक ओळ व्हेंटिलेटरच्या चार ओळींना भारी आहे. पाठीवर लाली दिसली तर काय करतेस, नोंद कुठे करतेस, कुणाला सांगतेस, हे तिने आधी मराठीत सांगितलं, मग तिच्या बी-१ जर्मनमध्ये (भाषेच्या ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांतली तिसरी) पाच वाक्यांत लिहिलं. व्याकरण मी मुद्दाम पूर्ण दुरुस्त केलं नाही. बी-१ असलेल्या बाईची प्रोफाइल सी-२ जर्मनमध्ये असली की मुलाखतीत पहिल्या प्रश्नाला फुगा फुटतो.

वॉर्डातले फोटो, रुग्णांचे किस्से, 'आज एक जीव वाचवला' असल्या पोस्टी: पूर्ण बंद. तिकडे रुग्णाच्या खाजगीपणाबाबत अजिबात हयगय चालत नाही. इथेही चालू नये.

३० मार्च, गुढीपाडवा

कुणी आलं नाही, बरोबरच आहे. फोनवर एकच निरोप सगळ्यांना: आजपासून तिकडची घड्याळं तासाने पुढे, फरक साडेचार तासांवरून साडेतीनवर. सकाळी नऊला तिकडे पोचायचा निरोप आता आपल्याकडून साडेबाराला.

१३ एप्रिल

पोस्ट. गटात 'लिहायचंच नाही' असा माझा नियम नाही. महिन्याकाठी एक, कामाविषयी, एवढं पुरे.

क्वालिटीवाल्याचा पहिला मसुदा 'आय अॅम थ्रिल्ड टू अनाउन्स'ने सुरू होत होता. थ्रिल कशाचं, तर एक दिवसाच्या ऑनलाइन प्रमाणपत्राचं. बाजूला ठेवला. म्हटलं, मागच्या वर्षात कुठल्या तक्रारीने झोप उडवली होती, ते सांग.

हाउसिंगच्या लीक टेस्टमध्ये नापास व्हायचं प्रमाण अचानक वाढलं होतं. एक्स-रे काढल्यावर जाड बॉसच्या (उंचवट्याच्या) जवळ पोरोसिटी, म्हणजे बारीक पोकळ्या दिसल्या. सगळ्यांनी धातूच्या तापमानावर आणि वितळलेल्या अॅल्युमिनियममधल्या वायूवर बोट ठेवलं. याने शॉटचे (धातू साच्यात मारायच्या प्रत्येक फेरीचे) आलेख एकावर एक ठेवून बघितले, तर भराव झाल्यानंतरचा दाब हळूहळू कमी पडत होता. प्लंजरची (धातू साच्यात ढकलणाऱ्या दांड्याची) टीप झिजली होती. मोडल्याशिवाय ती बदलायची नाही अशी शॉपची रीत. त्यांनी बदलायचा अंतराल ठरवून दिला आणि नापास व्हायचं प्रमाण पूर्वीच्याही खाली गेलं.

हीच पोस्ट. काय दिसलं, आधी काय वाटलं, काय मोजलं, काय बदललं. इंग्रजीत, खाली जर्मनमध्ये तीन ओळींचा सार. गिऱ्हाईकाचं नाव नाही, ड्रॉइंग नाही, भागाचा फोटो नाही, आलेख हाताने काढलेला आणि आकडे काढून टाकलेले. त्याच्या साहेबांना आधी दाखवली. साहेब म्हणाले, टाक, आपलं काही जात नाही.

टाकायची वेळ: ईस्टर उलटल्यावर. २० तारखेच्या आधीचा शुक्रवार आणि नंतरचा सोमवार तिकडे सामसूम.

४ मे

पोस्टला लाइक बेतास बात. पण डायकास्टिंगमधल्या एका अनोळखी जर्मन गृहस्थांनी खाली प्रश्न टाकला: टीप बदलायचा अंतराल तासांवर ठरवला की शॉटवर? याने लगेच उत्तर दिलं: शॉटवर, कारण दोन शिफ्टमध्ये मशिन थांबण्याचं प्रमाण सारखं नसतं. त्यांनी पुढे वंगणाविषयी विचारलं. चार-पाच वेळा सवाल-जबाब झाले. भरतीवाला पुढे कधी बघेल तेव्हा ते बोलणं तिथे असेल. मी भरतीत होते तेव्हा उमेदवाराच्या 'अॅक्टिव्हिटी'त जाऊन हेच बघायचे: हा कामाविषयी कुणाशी आणि कसा बोलतो. पोस्टीपेक्षा कमेंट जास्त सांगतात.

शिफारशी. लिंक्डइनवरच्या शिफारशी आपल्याकडे 'तू माझी पाठ खाजव' अशा चालतात, आणि त्या तशाच वाचल्या जातात. एकाच दिवशी दोघांनी एकमेकांना दिलेल्या तर हमखास. ठरलं: दोनच मागायच्या. एक साहेबांची, एक गिऱ्हाईकाच्या बाजूच्या माणसाची, आणि त्यांना काय लिहा ते सांगायचं नाही, कुठल्या कामाबद्दल लिहा एवढं सांगायचं.

खरा कागद वेगळाच. जर्मनीत नोकरी सोडताना 'आर्बाइट्सत्सोइग्निस' मागायचा कर्मचाऱ्याला कायद्याने हक्क आहे: कामाचं सविस्तर वर्णन आणि मूल्यमापन. आपलं रिलिव्हिंग लेटर म्हणजे पद, दोन तारखा आणि 'वी विश हिम ऑल द बेस्ट'. तिथला माणूस ते वाचून कोड्यात पडतो, की एवढंच लिहिलंय म्हणजे याच्यात काही खोट आहे का? म्हणून चौघांनीही आत्ताच, संबंध गोड असताना, साहेबांकडून लेटरहेडवर कामांची यादी असलेलं पत्र घ्यायचं. त्यातले शब्द आणि प्रोफाइलवरचे शब्द जुळले पाहिजेत. महिना आणि वर्षही. पत्रात मार्च आणि लिंक्डइनवर जानेवारी, हे चालणार नाही.

८ जून

इलेक्ट्रिशियनला व्हॉट्सअॅपवर 'ऑफर लेटर' आलं. म्युनिकची बांधकाम कंपनी, पगार स्वप्नातला, मुलाखत नाही, आणि 'फाइल चार्ज' म्हणून मोठी रक्कम तीन दिवसांत. त्याच्या आईने दागिने काढायची तयारी केली होती. सुदैवाने त्याने आधी मला फोन केला.

तपासणी अशी केली, बाकीच्यांनीही उतरवून घ्या. जर्मन कंपनीच्या वेबसाइटवर 'इम्प्रेसुम' हे पान कायद्याने लागतं: मालक, पत्ता, नोंदणी क्रमांक. इथे ते पानच नाही. हांडेल्सरेगिस्टर म्हणजे तिथली कंपनी नोंदवही, २०२२ पासून ऑनलाइन फुकट बघता येते. त्या नावाची कंपनी सापडली, पण वेगळ्या गावात आणि धंदा फुलांचा. ईमेल फुकट खात्यावरून. आणि आपल्याकडचा जो मध्यस्थ होता त्याचं नाव केंद्र सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांत नाही. नोंदणीकृत एजंटलाही ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापुढे सेवाशुल्क घेता येत नाही.

परिचारिकांसाठी तर आणखी सोपं. जर्मन सरकारचं 'न्याय्य भरती'चं गुणचिन्ह असलेल्या संस्था उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेत नाहीत, खर्च मालकाचा.

नंबर ब्लॉक केला, सायबर तक्रार केली. आई माझ्याशी फोनवर बोलल्या, "बाई, मग ते खरे असते तर?" त्यांना काय सांगणार. पोराचा बोर्डाचा फोटो दाखवा म्हटलं, हे बघून बोलावणारा खरा असेल.

१० ऑगस्ट

कूर्मगतीने चाललंय. बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या शाळांना ३१ जुलै ते १३ सप्टेंबर सुट्टी, आणि निम्मं राज्य गावाला गेलेलं. उत्तर येत नाही म्हणजे नकार नाही. परत परत निरोप पाठवून पिडायचं नाही. फुकट खात्यावरून ओळखीच्या विनंतीला निरोप जोडायची सोय महिन्याला मोजक्याच वेळा मिळते, त्या सप्टेंबरसाठी राखा.

जावावाल्याने गटातून रजा घेतली. तिकडे आयटीत सध्या नव्या माणसांची भरती आखडती आहे आणि याचं जर्मन ए-१ वर अडलंय. त्याचं म्हणणं, संधी-कार्डावर जाऊन तिथूनच शोधतो. १ जून २०२४ पासून ही सोय आहे, सहा गुण जमवायचे आणि महिन्याला १,०९१ युरोप्रमाणे वर्षभराचे पैसे बंद खात्यात दाखवायचे. वर्षाचे तेरा हजारांहून जास्त युरो होतात. मी भाषा आधी कर म्हटलं. त्याने मान हलवली, कुठल्या बाजूला ते कळलं नाही.

२१ सप्टेंबर

क्वालिटीवाल्याचा करार आला. हाइलब्रॉनजवळचा कास्टिंगचा कारखाना, वर्षाला ५४,००० युरो. ब्लू कार्डासाठी (पदवीधरांच्या कामाच्या परवान्यासाठी) किमान पगाराची २०२५ ची सर्वसाधारण मर्यादा ४८,३०० होती, म्हणजे अडचण नाही. नोकरी त्या कमेंटवाल्या गृहस्थांमुळे आलेली नाही, त्यांचा कारखाना वेगळाच. भरतीवाल्या बाईने 'ड्रुकगुस' आणि 'व्हीडीए ६.३' टाकून शोधलं आणि हा सापडला. मुलाखतीत मात्र तांत्रिक प्रमुखांनी प्लंजर टीपची पोस्ट उघडून ठेवली होती आणि अर्धा वेळ त्याच्यावरच गेला. आयएसओ ड्रॉइंगही समोर ठेवलं. साहेबांचं पत्र त्यांनी मागून घेतलं.

त्याला ताकीद: लिंक्डइनवर नवी कंपनी आत्ता लिहायची नाही. आधी व्हिसा हातात, मग इथला राजीनामा, मग तिकडे रुजू, मग प्रोफाइल. अभिनंदनाच्या घाईत उलटा क्रम लावलेले मी बघितलेत.

परिचारिकेला दोन इस्पितळांनी ऑनलाइन भेटीला बोलावलं. दोन्हीकडे पहिला प्रश्न पाठीच्या निगेचा. एकाने बी-२ झाल्यावर करार देऊ असं लेखी कळवलंय. तिचा मान्यतेचा अर्ज स्टुटगार्टच्या शासकीय कार्यालयात जाईल. अभ्यासक्रमाचे तास दाखवणारा तक्ता कॉलेजकडून अजून यायचाय.

इलेक्ट्रिशियनला ऑफर नाही. फोसाकडे फाइल पाठवायची तर आयटीआयच्या अभ्यासक्रमाचं भाषांतर लागतं, ते अनुवादकाकडे अडकलंय. उद्या घटस्थापना, त्यामुळे अनुवादकाला फोन मंगळवारी. बोर्डाचे फोटो दोन कंपन्यांनी मागवले होते, त्यातल्या एकाने विचारलंय की आपत्कालीन बंद बटणाची जोडणी एकपदरी आहे की दुपदरी. उत्तर जर्मनमध्ये आजच लिहून पाठवलं.

नवा गट दसऱ्यानंतर. यावेळी पहिला रविवार नावांचा, सगळ्यांनी पासपोर्ट, डिग्री आणि लग्न झालं असेल तर दाखला घेऊनच यायचं.